गिरजाबाईचं विरजण

गिरजाबाई आधी नळ धुवायची, मग नळाखाली हात धुवायची, आणि आता नळ बंद करायचा तर त्याला मघाचे खरकटे हात लागलेले, म्हणून पुन्हा नळ धुवायची. हे कुठं थांबायचं ते तिच्या नवऱ्याला, काळुरामला, संसाराची एवढी वर्षं होऊनही कळलं नव्हतं. तो बिचारा धाटावच्या कंपनीत शिफ्टा करून रिटायर झालेला. कंपनी सुटली, पण घरातली शिफ्ट काही संपेना. बाजारातून आला की पायरीवर उभं राहायचं, पाय धुवायचे, पिशवी बाहेर ठेवायची, सदरा काढून दोरीवर टाकायचा.

"मला पण दोरीवरच टाक," तो म्हणायचा.

"धुतल्याशिवाय कशी टाकू?" गिरजाबाई विचारायची. आणि गंमत म्हणजे ती गंमत करत नसायची.

पेणमधली त्यांची आळी अशी, की समोर गणपतीचे कारखाने आणि अलीकडं घरं. कारखान्यातली पांढरी धूळ वाऱ्यावर येणार, आणि वारा काही धुता येत नाही. तो राग गिरजाबाई बाकी सगळ्यावर काढायची. पाहुणा बसलेला असतानाच खुर्चीचे पाय पुसायची. शेजारच्या सगुणेनं एकदा भाजी दिलेली वाटी परत केली, तर हिनं ती तिच्या डोळ्यांदेखत चिंच लावून घासली. सगुणा ते अजून विसरली नाही. उन्हाळ्यात आळीतल्या बाया मिळून पोह्याचे पापड लाटायला बसायच्या, तेव्हा गिरजाबाईची नजर पापडावर कमी आणि बायांच्या नखांवर जास्त. "बाय कसली, फिनेलची बाटली हाय ती," असं सगुणा म्हणायची. अर्थात गिरजाबाई लांब असताना.

पण एका गोष्टीपुढं सगळ्या आळीचं तोंड बंद व्हायचं, ते म्हणजे गिरजाबाईचं दही. मडकं उपडं केलं तरी पडायचं नाही असं घट्ट, आणि आंबट म्हणावं तर गोड, गोड म्हणावं तर जिभेला चिमटा. त्याचं विरजण तिच्या आईचं. लग्न होऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून निघाली तेव्हा आईनं दागिन्यांच्या डब्याआधी हे मडकं मांडीवर ठेवलं होतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागं ठेवायचं, दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावायचं, असं ते आजवर कधी तुटलं नव्हतं. बाळंतपणात नाही, घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हाही नाही. तेव्हा काळुरामनं टीव्ही वाचवला होता आणि गिरजाबाईनं मडकं. आई जाऊन किती काळ लोटला, पण रोज संध्याकाळी दुधात बोट घालून ऊन बघताना गिरजाबाई मनातल्या मनात म्हणायची, "बघ गो आई, लावते हां." हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगुणा हसली असती.

आळीत प्रत्येक घरात याच विरजणाचं दही लागायचं. सगुणेच्या घरात तेच, आणि कोपऱ्यावरच्या बिल्किसच्या घरातही तेच. तिचा नवरा जमाल आखातातून सुट्टीवर आला की आधी वाटीभर दही ओरपायचा, मग बॅगा उघडायचा. एक वाटा अष्टमीतच दिलेल्या धाकट्या बहिणीकडं, जनीकडं. आईचं खरं विरजण कुणाचं यावरून दोघी बहिणींचं जे जुंपायचं ते फोनचा चार्ज संपेपर्यंत.

तर अशा या घरात दिवाळीच्या सुट्टीत तो मायक्रोस्कोप आला.

आणला सुनेनं. भूमिका शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेला देणगीत नवीन यंत्र मिळालं होतं, आणि मुख्याध्यापकांनी "मॅडम, सुट्टीत घरी नेऊन शिकून घ्या" असं म्हणून ते तिच्या गळ्यात मारलं होतं. तिनं ते खोक्यातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. गिरजाबाईनं आधी टेबल पुसलं, मग यंत्र पुसलं, मग खोकं.

"डोळा कुठं लावायचा?" काळुरामनं विचारलं.

"डोळा लावायचाच नाही, बाबा. कॅमेरा आतच आहे. सगळं या पडद्यावर दिसतं."

"किती मेगापिक्सेल?" फोन घेताना हा एकच प्रश्न विचारायचा असतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

"पाच."

"पाचच? माझ्या फोनला पन्नास हायत."

"तुमच्या फोनमधून जंतू दिसतात का?"

"सासू दिसते तुझी. तेवढं बास."

भूमिकेनं एकेक दाखवायला सुरुवात केली. खाली दिवा, त्याचा उजेड कमीजास्त करता येतो. दिव्यावर चौथरा, चौथऱ्यावर काचपट्टी ठेवायची आणि चिमट्यात धरायची. वर फिरतं चाक, त्याला भिंगं. एक चारपट दाखवतं, एक दहापट, एक चाळीसपट, आणि पडद्यावर ते आणखी मोठं होऊन येतं. बाजूला दोन फिरक्या. मोठी फिरवली की चित्र धावत येतं, छोटी फिरवली की नीट होतं. एक बटण दाबलं की फोटो, दुसरं दाबलं की व्हिडिओ, आणि वायफायवरून थेट फोनात.

"म्हणजे मळ दिसतो याच्यात?" गिरजाबाईनं मुद्द्याचं विचारलं.

"सगळं दिसतं, आई."

झालं! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, आणि इथं तर देवानं कॅमेरापण दिला होता. गिरजाबाई पदर खोचून टेबलापाशी बसली ती उठायला तयार होईना. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला, तर विटांची भिंत दिसली. मिठाचा कण ठेवला, तर चौकोनी पेटी. "बघा, आपल्या खाडीचं मीठ कसं टापटीप हाय," ती खूश झाली. मग तिनं काळुरामच्या नखातलं काढून ठेवलं, आणि पडद्यावर जे आलं ते पाहून अशी किंचाळली की समोरच्या कारखान्यातला मिथुन ब्रश हातात घेऊनच धावत आला. काळुरामला त्या सकाळी दुसरी अंघोळ घडली.

मग बाईसाहेबांना ऊत आला. "हळद संपली गो," म्हणून सगुणेकडून चिमूटभर हळद आणली. तिच्यात साडीचा एक धागा सापडला. पडद्यावर तो नांगराच्या दोरखंडाएवढा दिसला. गिरजाबाईला कोण आनंद! "काढ फोटो. काढ, काढ. आता वाटी घासली म्हणून बोलू दे मला."

आणि मग ती उठून मांडणीवरचं मडकं घेऊन आली.

"आता स्वच्छ कशाला म्हणतात ते दाखवते तुम्हाला. आण ती काच."

भूमिका चपापली. "आई, दही राहू द्या."

"का म्हणून? माझ्या दह्याला काय धाड भरली?"

आता सासूला नाही कोण म्हणणार? भूमिकेनं दह्याचा ठिपका काचपट्टीवर घेतला, पाण्याचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. चाक फिरवून चाळीसचं भिंग आणलं. छोटी फिरकी हळूहळू फिरवली. आधी सगळं धुरकट, मग पडद्यावर उमटलं ते असं: बारीक बारीक काड्या, मण्यांच्या वाकड्यातिकड्या माळा, शेकड्यांनी, हजारांनी, आणि सगळं थरथरत होतं.

"ही काच धुतली नव्हतीस," गिरजाबाई म्हणाली.

"धुतली होती, आई. हे दहीच आहे."

"दही कसं? जनावरं हायत ही!"

"जंतू आहेत. पण चांगले जंतू. त्यांच्यामुळंच तर दूध..."

"चांगले? अगो, चांगला चोर असतो काय? चांगला उंदीर कधी बघितलास?"

भूमिका जीव तोडून समजावत होती, पण गिरजाबाईच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढून एकेक जेवणारा जात होता. "जावयाला घातलं हे मी. बाळंतिणीला घातलं. गणपतीला पंचामृतात घातलं! देवाला किडे घातले गो मी, दरसाल, पाटावर बसवून!" एवढं बोलून तिनं मडकं सांडशीनं उचललं. ज्या मडक्याला रोज पोटाशी धरायची त्याला सांडशी! मोरीतून नाही, थेट बाहेरच्या गटारात ओतलं, आणि वर कढतं पाणी, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

इथवरही ठीक होतं. पण त्या मेल्या यंत्राला कॅमेरा होता ना! भूमिकेनं मघाशी बटण दाबलेलं, व्हिडिओ फोनात गेलेला. गिरजाबाईनं काळुरामकरवी तो बायांच्या पापडवाल्या ग्रुपवर पाठवला, जनीला वेगळा पाठवला, आणि खाली आवाजी निरोप सोडला: "बायांनो, वता! माझ्याकडनं नेलेलं सगळं दही वता! आधी वता, मग इचारा!"

भूमिकेनं खाली लिहिलं, घाबरू नका, हे उपयोगी जंतू आहेत. ते कोण वाचतंय? हलणारी जनावरं बघायची की मास्तरणीचा धडा वाचायचा? दुपारपर्यंत गटार पांढरं वाहायला लागलं. मिथुन कारखान्याच्या दारात येऊन ओरडला, "अरे, पांढरा रंग कोणी सांडला?"

"आणि ते यंत्र घराबाहेर काढ," गिरजाबाईनं सुनेला बजावलं. भूमिकाही वैतागली होती. तिनं यंत्र उचललं, पडवीत कोपऱ्यात ठेवलं, वर प्लास्टिकचं झाकण घातलं आणि पुन्हा त्याच्याकडं बघितलं नाही.

दिवेलागणीला गिरजाबाईनं दूध तापवलं. कोमट केलं. बोट घालून ऊन बघितलं. "बघ गो आई..." म्हणाली, आणि हात मांडणीवर गेला.

मडकं होतं. धुऊन लख्ख, उपडं. आत काही नव्हतं.

हात तसाच राहिला. डोक्यात दिवसभर फक्त किडे होते. आई आता शिरली. मग तिला जे रडू फुटलं, तसं ती आई गेली तेव्हाही रडली नव्हती, कारण तेव्हा आलेल्या माणसांचे पाय धुवायला लावण्यात वेळ गेला होता. काळुराम घाबरला. "अगं, डेअरीतून डबा आणतो ना. तेच विरजण लाव."

"ते दही? त्याला आई ना बाप!"

"मग सगुणेकडनं आण. तुझंच तर नेलेलं."

एवढा शहाणपणा काळुरामनं जन्मात दाखवला नव्हता. गिरजाबाई वाटी घेऊन धावली. दिवेलागणीनंतर कुणी दही मागायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही, हा दंडक आळीला तिनंच घालून दिला होता. आज तीच दारोदार. सगुणा म्हणाली, "मी तर पहिली ओतलं. म्हटलं, गिरजाबाय स्वतः आपलं दही घाण म्हणतेय, म्हणजे किती घाण असेल!" पुढची म्हणाली, ओतलं. तिच्या पुढची म्हणाली, ओतून वर डेटॉल टाकलं. कोपऱ्यावर बिल्किस दारातच भेटली.

"काकी, तुम्हीच सांगितलंत ना? माझी सासू ओतू देत नव्हती. तिच्याशी भांडून ओतलं मी."

नखं कापा म्हणून गिरजाबाई वर्षानुवर्षं घसा फोडत होती, तेव्हा एकीनं ऐकलं नव्हतं. आज मेल्या सगळ्या शहाण्या झाल्या होत्या.

राहिली जनी. फोनवर विचारायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरजाबाईनं स्टीलचा डबा कढत्या पाण्यातून काढला, फडक्यात बांधला, आणि रोह्याची एसटी धरली. सीटसुद्धा पुसली नाही. जनीशी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. तुझंच विरजण खरं, माझं खोटं, असं म्हणायचं. तोंड वाकडं झालं तरी चालेल, पण म्हणायचं. रोह्याला उतरून कुंडलिकेचा पूल पायीच ओलांडला, रिक्षासाठी थांबायलाही जीव तयार नव्हता.

जनी अंगणातच होती. बहिणीला बघून हरखली. "ये गो बाय! जेवूनच जा. पण ताटात दही नाय हां. तुझा व्हिडिओ आला आणि हातातलं काम टाकून आधी ते ओतलं. मडकं राखेनं घासलं, उन्हात घातलं. आमच्या बचत गटालापण पाठवला तुझा व्हिडिओ. सगळ्यांनी ओतलं!"

गिरजाबाई पायरीवरच बसली. "जने, तू आजवर कधी माझं ऐकलंस काय गो?"

"नाय."

"मग कालच का ऐकलंस?"

"म्हटलं, मोठी बहीण हाय, एकदा तरी ऐकावं."

मग गिरजाबाईनं डबा दाखवला आणि कशाला आले ते सांगितलं. जनीचा चेहरा उतरला. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. "आपण दोघींनी मिळून आईला गटारात घातली गो," जनी म्हणाली. त्यातही भांडण लागलंच. गिरजाबाई म्हणे तुझंच खरं होतं, जनी म्हणे छे, तुझंच. मी मधे पिशवीचं दूध घातलेलं, तुला कधी बोलले नाय. हे कळायला गिरजाबाई किती वर्षं तडफडली होती! आज कळलं आणि काडीचा आनंद झाला नाही.

रिकामा डबा घेऊन ती पेणला परतली. घरात शिरली आणि तशीच खुर्चीत बसली. काळुरामनं तिच्या पायांकडं बघितलं. रोह्याची धूळ पायांवर तशीच.

"पाय?" त्यानं हळूच विचारलं.

"असू दे," गिरजाबाई म्हणाली.

काळुरामचा धीरच सुटला. कायतरी भयंकर झालं आहे, हे त्याला तेव्हा समजलं. तो सुनेला बोलवायला आत पळाला.

भूमिका दारात आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "आई, एक सांगायचंय. ओरडणार नसाल तर."

"ओरडायला अंगात जीव पायजे."

"मी ती काच धुतली नाही."

"कुठली काच?"

"दह्याची. यंत्र उचललं ते तसंच पडवीत ठेवलं. राग आला होता मला. काच अजून चिमट्यातच आहे. तशीच. घाण."

एरवी एवढ्यावर घरात महाभारत झालं असतं. सून घरात आल्यापासून एक चमचा खरकटा ठेवायची तिची छाती नव्हती. गिरजाबाई उठली. सुनेचे दोन्ही खांदे धरले. "नाय धुतलीस? खरं सांग. वरनं पाणीपण नाय मारलंस?"

"नाही, आई."

"फडक्यानं पुसलीस तरी?"

"नाही हो!"

"गुणाची गो माझी बाय ती!" असं म्हणून गिरजाबाईनं तिचा असा मुका घेतला की भूमिकेचा चष्मा वाकडा झाला. लग्नात पहिला, आणि त्यानंतर हा.

यंत्र पडवीतून पुन्हा टेबलावर आलं. टेबल पुसायचं कुणाला सुचलं नाही. दिवा लागला, पडदा उजळला. काचेवरचा ठिपका सुकला होता. काल जिथं जत्रा भरली होती तिथं आज भेगा पडलेली जमीन.

"मेली?" गिरजाबाईनं विचारलं.

"सुकलीत. सगळीच मेली असतील असं नाही. सांगता येत नाही."

भूमिकेनं कोमट दुधाचा थेंब काचेच्या कडेला सोडला. दूध आत ओढलं गेलं, भेगा भरल्या. पडद्यावर लोण्याचे गोल तरंगायला लागले आणि त्यांच्या मधे काड्या दिसल्या, सुट्या सुट्या, पडलेल्या. गिरजाबाई पडद्याला नाक लावून बसली. "बाबांनो, चुकले मी. काल जनावरं म्हणाले, किडे म्हणाले. म्हाताऱ्या बाईचं मनावर घेऊ नका. उठा, आईच्या हातची हायत तुम्ही..."

"अगं, त्यांना ऐकू जातं काय?" काळुराम म्हणाला.

"तुम्हाला तरी कुठं जातं? बोलतेच ना मी?"

आणि एक काडी थरथरली. "हाललं! भूमिका, हाललं गो!" पातळ पदार्थात कुठलीही बारीक वस्तू थरथरते, जिवंत असो की मेलेली, हे भूमिका नववीला शिकवायची. तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग काच अलगद काढली आणि तिच्यावरचं सगळं दूध वाटीतल्या दोन चमचे दुधात खरवडून घेतलं. वाटीवर झाकण ठेवलं. गिरजाबाईनं काळुरामच्या डोक्यावरची माकडटोपी ओढली, वाटी तिच्यात घातली आणि तांदळाच्या डब्यात पुरली.

सकाळी झाकण काढलं तर दूध. पातळ, पांढरं, जसंच्या तसं. भूमिका म्हणाली, "थांबा, आई. थोडीच होती ती, वेळ लागेल." गिरजाबाईनं वाटी पुन्हा टोपीत घातली आणि तांदळाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसून राहिली. सगुणा विचारायला आली, तिला हातानंच गप्प केलं. चहा झाला नाही, केर निघाला नाही. समोरून पांढरी धूळ आली आणि खुशाल घरभर बसली.

उन्हं चांगली वर आल्यावर तिनं वाटी काढली आणि तिरकी केली. आतलं दूध वाहिलं नाही. सबंध जागचं हललं, थरथरलं आणि काठाशी थांबलं.

गिरजाबाईनं बोट बुडवलं. ते बोट सकाळपासून जमिनीवर टेकलेलं होतं. काळुरामनं ते पाहिलं आणि जीभ चावून गप्प राहिला. तिनं बोट चाटलं. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं.

"काय गो?" काळुरामनं विचारलं. "हाय का तेच?"

तिनं नुसती मान हलवली आणि फोनसाठी हात पुढं केला. त्यानं जनीचा नंबर लावून दिला.

"जने," गिरजाबाई म्हणाली, "आई आली गो घरी. उद्यापर्यंत वाढवते, परवा डबा घेऊन ये. आणि ऐक, डबा लय घासत बसू नको."